मानवी चूक : पूर्णविराम की प्रश्नचिन्ह?

१७ सप्टेंबर २००१. अमेरिकेतल्या त्या भयंकर ‘अकरा सप्टेंबर’ला सहाच दिवस झाले होते, त्यामुळे जगभरच्या वर्तमानपत्रांत विमानांशिवाय दुसरा विषय नव्हता. त्या रात्री राजस्थानातल्या सुरतगडच्या हवाई तळावरून एका मिग-२१ ने उड्डाण केलं आणि काही सेकंदांतच ते कोसळलं. विमानात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ होता. पुण्याच्या गाडगीळ कुटुंबातला मुलगा, वय तिशीच्या आतलं. म्हणजे आपल्या सीनियरच्या सीनियरएवढाच म्हणा ना!

मित्रहो, आज आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या बहुतेकांचा तेव्हा जन्मसुद्धा झालेला नव्हता. ‘रंग दे बसंती’ मात्र सगळ्यांनी पाहिलाय. होस्टेलवर तर तो पाठच आहे. मिग पडतं, तरुण वैमानिक जातो, मंत्री सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फोडतो आणि त्याचे मित्र पेटून उठतात. २००६ साली हा सिनेमा आला तेव्हा अनेकांना अभिजितची आणि त्याच्या आईची आठवण झाली. सिनेमातला वैमानिक काल्पनिक आहे आणि शेवटची मारधाडही काल्पनिक आहे. खऱ्या आयुष्यात असं काही होत नाही. खऱ्या आयुष्यात एक आई पत्रं लिहीत बसते.

अभिजितच्या अपघाताच्या चौकशीतून जे कारण पुढे आलं ते होतं दिशाभ्रम, इंग्रजीत ज्याला स्पेशियल डिसओरिएंटेशन म्हणतात ते. म्हणजे वैमानिकाला आपण वर चाललोय की खाली हेच कळेनासं झालं आणि विमान जमिनीवर आदळलं. कविता गाडगीळ यांना हे पटलं नाही. आपला मुलगा असा कसा चुकेल, एवढंच विचारून त्या थांबल्या असत्या तर लोकांनी ‘शेवटी आईचं काळीज’ म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांनी मिग-२१ च्या सुरक्षिततेबद्दलच जाहीर प्रश्न विचारायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांतून बोलल्या, अधिकाऱ्यांना लिहिलं, थेट राष्ट्रपती कलामांपर्यंत दाद मागितली. असं कोणी बोलायला लागलं की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर तयार असतं : यामुळे दलाचं मनोधैर्य खचतं! मला हे उत्तर कधीच कळलेलं नाही. रोज त्याच विमानात बसणाऱ्या पोरांचं मनोधैर्य प्रश्न विचारल्याने खचेल की न विचारल्याने?

चौकशी बरोबर होती की चूक, यावर मी इथे निवाडा देणार नाही. लष्करी विमान अपघाताचे चौकशी अहवाल आपल्याकडे प्रसिद्धच होत नाहीत. त्यामुळे तुम्ही-आम्ही कॅन्टीनमध्ये बसून कितीही वाद घातला तरी तो हवेतच. माझा मुद्दा वेगळा आहे. समजा, चौकशीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. अभिजितला दिशाभ्रम झाला. मग? विषय संपला का?

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिच्यातले ओटोलिथ नावाचे बारीक कण गुरुत्वाकर्षणाच्या दिशेला झुकतात आणि खाली कुठे, वर कुठे हे मेंदूला कळवतात. पण या यंत्रणेला एक मर्यादा आहे. वेग वाढल्यामुळे मागे रेटलं जाणं आणि मागे कललं जाणं, यांतला फरक तिला कळत नाही. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधली व्हेक्टरची बेरीज आठवा. समजा विमान ‘जी’च्या निम्म्या त्वरणाने पुढे चाललंय. खाली ‘जी’, मागे अर्धा ‘जी’, दोन्हींची बेरीज उभ्या रेषेपासून साधारण २७ अंशांनी मागे झुकते. वैमानिकाच्या कानाला वाटतं, विमानाचं नाक आहे त्याहून २७ अंश जास्त वर गेलंय! डोळे मिटून एस.टी.त बसा आणि ड्रायव्हरने झटक्यात गाडी काढली की बघा, सीट मागे कलल्यासारखी वाटते की नाही. तेच हे, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

दिवसा क्षितिज दिसतं, डोळे कानाला गप्प करतात. अंधाऱ्या रात्री, चहूकडे वाळवंट, धावपट्टीचे दिवे मागे पडले की समोर नुसता काळोख. अशा वेळी नाक फार वर गेलंय असं वाटून वैमानिक दांडा पुढे ढकलतो. विमान खाली झुकतं, वेग आणखी वाढतो, भास आणखी घट्ट होतो. जमीन तर शंभर-दोनशे मीटरवरच असते. याला सोमॅटोग्रॅव्हिक इल्यूजन म्हणतात. त्या रात्री सुरतगडला नेमकं हेच घडलं असं मी म्हणत नाही, दिशाभ्रमाचे आणखीही प्रकार आहेत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा भास नवशिक्याला होतो तसाच मुरलेल्या वैमानिकालाही होतो, कारण तो ज्याच्या-त्याच्या कानात आहे. त्याला शिस्त, हुशारी, देशभक्ती यांतलं काहीही अडवू शकत नाही. अडवू शकतं ते समोरचं उपकरण आणि त्याच्यावरच विश्वास ठेवण्याचा भरपूर सराव.

आता सांगा, याला ‘वैमानिकाची चूक’ म्हणायचं? भार टाकल्यावर तुळई वाकली तर आपण तुळईला कारणे दाखवा नोटीस देत नाही. तिचे गुणधर्म आधीच माहीत असतात, म्हणून डिझाइन करणाऱ्याला धरतो. माणसाच्या कानाचे गुणधर्मही माहीतच आहेत की!

हे शहाणपण काही माझं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरून धावपट्टीवर आल्यावर अचानक पोटावर बसायची. वैमानिक चुकून चाकंच आत घ्यायचे. अर्थातच, वैमानिकाची चूक! १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चॅपनिस नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ कॉकपिटमध्ये जाऊन बसला आणि त्याला दिसलं की चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका अगदी शेजारीशेजारी आहेत आणि हाताला दोन्ही सारखेच लागतात. त्याने काय केलं, तर एका खटक्याला चाकाच्या आकाराची रबरी मूठ लावली आणि दुसऱ्याला पाचरीसारखी. प्रश्न मिटला. आजच्या प्रवासी विमानांतही चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखीच असते, कधी कॉकपिटचा फोटो बघाल तेव्हा नीट बघा. पुढे १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स या दोघांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून गणल्या गेलेल्या ४६० प्रसंगांचा अभ्यास केला आणि त्यातून एक अख्खी शाखाच उभी राहिली. आपल्याकडे ती अर्गोनॉमिक्स या नावाने येते, आणि बहुतेक वेळा परीक्षेच्या दृष्टीने ‘ऑप्शनला टाकायचं युनिट’ म्हणून येते. असो.

दिशाभ्रमाचंही तसंच. अमेरिकेच्या एफ-१६ विमानांत २०१४ पासून अशी यंत्रणा बसवली गेली, की विमान जमिनीकडे निघालंय आणि वैमानिक काही करत नाहीये असं दिसलं की विमान स्वतःच ताबा घेतं, सरळ होतं आणि वर खेचतं. वैमानिक बेशुद्ध असो की भांबावलेला. तिने खरोखर जीव वाचवलेत. म्हणजे ‘मानवी चूक’ असं लिहून फाइल बंद करणारेही इंजिनियर असतात आणि तिथूनच काम सुरू करणारेही इंजिनियरच असतात.

आता आपल्याकडे या. लढाऊ वैमानिक तयार करताना किरणसारख्या साध्या जेटवरून उचलून पोराला एकदम मिग-२१ मध्ये बसवणं धोक्याचं आहे, हे काही नवीन ज्ञान नव्हतं. मिग-२१ उतरतानाच ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतं. लुना शिकवून झाली की थेट बुलेट देऊन घाटात पाठवण्यासारखंच ते. मधली पायरी म्हणून अ‍ॅडव्हान्स्ड जेट ट्रेनर घ्या, अशी शिफारस एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने १९८२ मध्ये केली होती. तोपर्यंतची सोय म्हणून १९८६ पासून तेजपूरला मिग-२१ वरच शिकवणारं युनिट चाललं. १९९७ मध्ये खुद्द डॉ. कलाम यांच्या अध्यक्षतेखाली लढाऊ विमानांच्या अपघातांवर समिती बसली. आणि ‘हॉक’ विमानांचा करार कधी झाला? मार्च २००४ मध्ये. ती रीतसर दलात आली फेब्रुवारी २००८ मध्ये, बिदरला. शिफारशीपासून करारापर्यंत बावीस वर्षं! अभिजित गेला तेव्हा त्यातली एकोणीस उलटली होती.

अभिजित शिकाऊ नव्हता, त्याचा अपघात थेट या दिरंगाईमुळे झाला असं म्हणणं अन्यायाचं होईल, आणि मी ते म्हणत नाही. पण या बावीस वर्षांत जी जी पोरं सरावातल्या अपघातांत गेली, त्यांच्या अहवालात कोणती चूक लिहिली असेल? ‘फाइल अडकली’ असा रकाना चौकशीच्या फॉर्ममध्ये नसतो. शेवटी विमानाचा दांडा ज्याच्या हातात होता त्याचंच नाव लिहिणं सोपं पडतं. शिवाय तो उलटून बोलायला येत नाही.

दुसऱ्या बाजूबद्दलही थोडं बोलतो, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. मिग-२१ ला ‘उडती शवपेटी’ म्हणायची आपल्याकडे फॅशन होती. मला हा शब्द अजिबात आवडत नाही. १९६३ मध्ये हे विमान आपल्या हवाई दलात आलं, नाशिकजवळ ओझरला एच.ए.एल.च्या कारखान्यात ते शेकड्यांनी बनलं, १९७१ च्या युद्धात त्याने कामगिरी गाजवली. ज्यांनी ते उडवलं त्यांच्याशी बोला, प्रेमाने बोलतात. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला त्याला निरोप दिला तेव्हा हवाई दलप्रमुखांनी स्वतः ते उडवलं. बासष्ट वर्षं! आपल्या वर्कशॉपमधली लेथसुद्धा एवढी चालली तर आपण तिला हार घालू.

पण आकडेही तेवढेच खरे आहेत. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं, की तोवर घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिक दगावले. (हे सगळ्या प्रकारच्या मिग विमानांचं मिळून, एकट्या मिग-२१ चं नव्हे.) अर्ध्याहून जास्त विमानं! कारणं दोन सांगितली जातात, मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड. मला वाटतं, ‘शवपेटी’ आणि ‘मानवी चूक’ हे दोन्ही शब्द एकाच जातीचे आहेत. एक सगळा दोष यंत्राला देऊन मोकळा होतो, दुसरा माणसाला देऊन. पण मधे जो मोठा पसारा असतो तो दोन्हींतून सुटतो. सुटे भाग कुठून आले? त्यांची तपासणी कोणी केली? वैमानिकाला रात्रीच्या उड्डाणाचा सराव किती तास मिळाला? त्याची जागा घेणारं विमान का आलं नाही? हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजे तेजसचा प्रकल्प मंजूर झाला १९८३ मध्ये, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला, आणि पहिली स्क्वाड्रन उभी राहिली जुलै २०१६ मध्ये. तोपर्यंत मिगला सुट्टी नव्हती, आणि ते उडवणाऱ्यांनाही.

या मधल्या पसाऱ्याकडे बोट दाखवणारा एक माणूस कोर्टात गेला. विंग कमांडर संजीत सिंग कैला. २००५ मध्ये राजस्थानात त्यांच्या मिग-२१ ला अपघात झाला. ते वाचले, पण इजा झाली. अपघाताचं कारण निर्मितीतला दोष होता, हे त्यांनी माहितीच्या अधिकारात कागद मिळवून शोधून काढलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना ५५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. त्यातला मोठा वाटा एच.ए.एल.ने द्यायचा होता. सैनिक झाला म्हणून त्याचा सुरक्षित जागी काम करण्याचा हक्क संपत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. लढाईत मरण येऊ शकतं हे तो गणवेश घालतानाच मान्य करतो. पण वेल्डिंग कच्चं राहिल्यामुळे मरायचं त्याने कुठे कबूल केलेलं असतं? आणि हा माणूस हे सगळं करू शकला, कारण तो जिवंत होता. जे गेले त्यांच्यातर्फे कोण भांडणार? आई-बाप. आणि आई-बाप भांडले की पुन्हा तेच, मनोधैर्य!

बरं, हे सगळं जुनं झालं असं कोणी म्हणेल. ८ डिसेंबर २०२१ ला तमिळनाडूत कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं. जानेवारी २०२२ मध्ये हवाई दलाने चौकशीचा निष्कर्ष सांगितला : हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला. डिसेंबर २०२४ मध्ये संसदीय समितीच्या अहवालात त्याच अपघातासमोर कारण छापलं गेलं : मानवी चूक. बघा, तीन वर्षांत ‘हवामान, ढग, दिशाभ्रम’ एवढ्या साखळीचे दोनच शब्द उरले. ज्याने पहिलं निवेदन वाचलं नाही त्याला वाटणार, चालवणारा चुकला. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही वाक्यं एकच असतील, पण त्याच्या घरच्यांना ती एकच वाटत असतील का?

माझं म्हणणं एवढंच, की अहवाल खुले करा. गुप्त भाग काळा करा, साक्षीदारांची नावं झाका, हरकत नाही. माणसं चौकशीत मोकळेपणाने बोलावीत यासाठी काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या, हेही मला पटतं. म्हणून तर अमेरिकी हवाई दल दोन वेगवेगळ्या चौकश्या करतं. एक फक्त सुरक्षिततेसाठी, ती बंद. आणि दुसरी लोकांसाठी, तिचा अहवाल प्रसिद्ध होतो. ब्रिटनमध्येही लष्करी अपघातांचे अहवाल प्रसिद्ध होतात. त्यांचं मनोधैर्य खचल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे नागरी विमानांचे अहवाल कोणालाही वाचता येतात. मी काही वाचलेत, आणि खरं सांगतो, चार वर्षांच्या पुस्तकांपेक्षा जास्त इंजिनियरिंग त्यांत आहे. एका बोल्टपासून ते ड्युटीच्या वेळापत्रकापर्यंत सगळं एका दोऱ्यात ओवलेलं असतं. लष्करी अपघातांतून असंच शिकायला मिळालं तर ते शिकणारे उद्या ओझरला, बंगळूरला, कोरापुटला कामाला लागणार आहेत. आपल्यातलेच.

आणि आपलं काय चालू असतं? व्हायव्हाला ‘फेल्युअरचं कारण काय’ विचारलं की आपण बिनधास्त ‘ऑपरेटर एरर, सर’ म्हणतो आणि सरही मान डोलावतात. वर्कशॉपमध्ये जॉबचं माप चुकलं की मशीनवर ढकलायचं, मशीन बरोबर निघालं की पार्टनरवर. टर्मवर्कपुरतं हे खपून जातं. उद्या कोणीतरी कुठल्यातरी तपासणीच्या कागदावर सही करील तेव्हा त्याच्यापासून हजार किलोमीटरवर, रात्रीच्या अंधारात, एक पंचविशीतला पोरगा त्या सहीवर बसून उडणार असतो.

अभिजितच्या आई-वडिलांनी मुलाच्या आठवणीसाठी चौकात पुतळा मागितला नाही. त्यांनी ‘अभिजित एअर सेफ्टी फाउंडेशन’ काढलं आणि पुण्यात ‘जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट’ सुरू केली. तिथे सिम्युलेटरवर वैमानिकांना शिकवायचं ठरवलं. मला याचं फार कौतुक वाटतं, कारण यात रडारडही नाही आणि भाषणही नाही. मुलगा ज्या कारणाने गेला असं सांगितलं गेलं, ते कारण खरं माना किंवा खोटं माना, दोन्ही बाजूंनी त्याच्यावर उपाय एकच होता : सराव, तोही जमिनीवर, जिथे चुकलं तरी कोणी मरत नाही. ते काम ज्यांनी करायचं त्यांनी केलं की नाही याची वाट न पाहता ही दोघं करायला लागली.

आपल्या डिपार्टमेंटमध्ये दर वर्षी प्रोजेक्टसाठी विषय नाही म्हणून जुनेच रिपोर्ट नवं कव्हर घालून फिरतात. फायनल इयरच्या मंडळींना एक विषय सुचवतो. दिशाभ्रम दाखवणारी फिरती खुर्ची. एक जुनी खुर्ची, एक मोटर, डोळ्यांवर पट्टी आणि हातात एक दांडा. खुर्ची एकसारखी फिरवत ठेवून मग थांबवली की बसलेल्याला आपण उलट दिशेने फिरतोय असं वाटतं, आणि तो दांडा नेमका चुकीच्या बाजूला ढकलतो. खर्च फार नाही, थिअरी सगळी आपल्याच पुस्तकांत आहे. गॅदरिंगच्या वेळी ती पोर्चमध्ये ठेवू. येईल त्याला बसवू, सरांनाही.